पाळण्यातल्या बाळाला कोण विचारतं?

बारशाला गेले होते. फुलांनी सजवलेला पाळणा, आत बारा दिवसांचं बाळ, मुठी आवळून झोपलेलं. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, बायका पाळण्याभोवतून पांगल्या आणि पानं मांडेपर्यंत बाहेरच्या खोलीत गप्पा रंगल्या. नात्यातलाच एक तरुण, चांगला शिकलेला, चांगल्या नोकरीतला, सांगत होता की त्यानं आपल्या मुलीला एकही लस दिलेली नाही. मी काही बोलणार एवढ्यात तोच म्हणाला, "काकू, माझं मूल, माझा निर्णय. तुमच्या मुलांना तुम्ही लस दिलीत ना? मग माझ्या मुलीची तुम्हाला कसली भीती?"

तो हे म्हणत होता तेव्हा त्याची अडीच वर्षांची मुलगी आतल्या खोलीत पाळण्याच्या कठड्याला धरून उभी होती. टाचा उंचावून तिनं आत डोकं घातलं होतं आणि बाळाचा पापा घेत होती.

त्या दिवशी काही वाईट घडलं नाही. मुलगी निरोगी होती, बाळही आज छान आहे. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या पाळण्यात झोपलेलं होतं आणि पंगतीत वाद नको म्हणून मी ते दिलं नाही. ते आता देते आहे, कारण हाच प्रश्न याच शब्दांत मला नंतर आणखी तिघाचौघांनी विचारला आहे.

गोवराची लस आपल्याकडे बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. आधी देत नाहीत, त्यालाही कारण आहे. आईच्या रक्तातून आलेली प्रतिपिंडं बाळाच्या अंगात काही महिने टिकतात आणि ती असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. ती हळूहळू विरतात. आईचं संरक्षण संपलेलं आणि लसीचं सुरू व्हायचं, असा एक मधला काळ प्रत्येक बाळाच्या वाट्याला येतो. त्या काळात बाळाला वाचवणारी एकच गोष्ट असते : त्याच्या आसपासच्या कुणालाही गोवर नसणं. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलाचंही तसंच. ही जिवंत विषाणूची लस असल्यामुळे उपचार चालू असताना ती त्याला देताच येत नाही.

आणि गोवर हा काही साधा पाहुणा नाही. कुणालाच संरक्षण नसेल तिथं एका रुग्णाकडून बारा ते अठरा जणांना लागण होते. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. २०२२ च्या ऑक्टोबरात मुंबईत गोवंडीला गोवराची साथ भडकली आणि एकाच घरातली तीन मुलं दोन दिवसांत गेली. पुढं भिवंडी, मालेगावकडूनही बातम्या येऊ लागल्या. डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली राज्याला कृतिदल नेमावं लागलं. नऊ महिन्यांच्या आतली बाळंही आजारी पडत होती, म्हणून सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांसाठी जादा डोस काढावा लागला. सहा महिन्यांच्या आतल्यांसाठी काहीच काढता आलं नाही, कारण त्या वयात देण्यासारखी लस नव्हतीच.

तेव्हा "तुम्हाला कसली भीती" याचं उत्तर असं, की मला माझी भीती नाही. भीती आहे ती ज्याला अजून लस देता येत नाही त्याची.

गोवर रोखायचा तर शंभरातल्या पंच्याण्णवांना संरक्षण लागतं. राहिलेल्या पाच जागा मोकळ्या आहेत असं ज्याला वाटतं त्यानं त्या कुणाच्या आहेत ते आधी बघावं. तान्ह्या बाळांच्या आहेत, आजारी मुलांच्या आहेत, दोन डोस घेऊनही ज्यांच्या अंगी लस लागली नाही अशा शंभरातल्या तिघांच्या आहेत. एसटीत अपंगांसाठी राखून ठेवलेल्या सीटवर धडधाकट माणूस बसतो आणि म्हणतो, मी कुठं बसायचं हा माझा प्रश्न. लस नाकारणारा निरोगी मुलाचा बाप मला तसा दिसतो. माझी तुलना कठोर वाटेल, पण दुसरी सापडत नाही.

आता त्याच्या वाक्याचा पहिला भाग. माझं मूल. या 'माझं'मध्येच सगळी गफलत आहे. घर माझं, गाडी माझी, तसं मूल माझं नसतं. मी त्याची विश्वस्त असते, ते मोठं होईपर्यंत. म्हणूनच बाप कितीही हक्कानं म्हणाला तरी मुलीचं लग्न बाराव्या वर्षी लावू शकत नाही आणि सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिक्षणाचा हक्क घटनेनं थेट त्या मुलाला दिला आहे, बापाला नाही. स्वतःच्या अंगात सुई टोचून घ्यायला नकार देणारा प्रौढ माणूस आणि दुसऱ्या जिवाच्या वतीनं नकार देणारा पालक या दोघांना 'व्यक्तिस्वातंत्र्य' हा एकच शब्द लावून चालणार नाही. पहिल्याचे परिणाम, निदान त्यातला मोठा वाटा, तो स्वतः भोगतो. दुसऱ्याचे परिणाम भोगणाऱ्याला बोलताही येत नाही.

ते परिणाम कधी कधी फार उशिरा येतात, हे तर बहुतेकांच्या गावीही नसतं. गोवर अंगावरून गेला, मूल बरं झालं, पुढं सात-आठ वर्षं छान शाळेत गेलं आणि मग अक्षर बिघडू लागतं, हातातली वाटी सुटते, चालताना झटके येतात. मेंदूत दबा धरून बसलेला विषाणू जागा झालेला असतो. या आजाराचं नाव एसएसपीई. तो क्वचित होतो, पण झाला की मूल बहुधा वाचत नाही. दोन वर्षांच्या आत ज्यांना गोवर होऊन गेला त्यांना त्याचा धोका सर्वांत जास्त. म्हणजे पुन्हा पाळण्यातलंच बाळ.

"पूर्वी सगळ्यांनाच गोवर यायचा, काही बिघडलं का?" असं विचारणाऱ्यांना मी माझ्या आजीचं एक वाक्य सांगते. तिला कुणी मुलं किती असं विचारलं की ती म्हणायची, "नऊ झाली, पाच राहिली." सुरात तक्रार नसायची. तिच्या वयाच्या सगळ्या बायका असंच उत्तर देत, झालेली किती आणि राहिलेली किती. कडुलिंबाचा पाला अंथरायचा, फोडणीचा वास घरात येऊ द्यायचा नाही, गोवर 'नीट बाहेर निघू द्यायचा', आणि वाट बघायची. तेवढंच त्यांच्या हातात होतं. गोवराची लस १९६३ साली आली. त्याआधी जगात दर वर्षी सुमारे सव्वीस लाख माणसं गोवरानं मरत, त्यात बहुतेक मुलंच. "आम्हाला झाला होता, आम्ही ठणठणीत आहोत," असं म्हणायला जी उरली तीच म्हणतात. आजीच्या चौघांना ते म्हणता आलं नाही. शिवाय 'नैसर्गिक' गोवरानं प्रतिकारशक्ती वाढते हेही खोटं आहे. आधीच्या आजारांची शरीरानं जपलेली ओळखच गोवर पुसून टाकतो, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. मूल गोवरातून उठतं आणि दुसऱ्याच आजारानं जातं, हे जुन्या बायकांना ठाऊक होतं. त्याचं कारण आता कळलं.

लसीनं मूल स्वमग्न होतं या भीतीवर फार शब्द खर्चत नाही. १९९८ च्या ज्या लेखावरून ती पसरली तो बारा मुलांवर बेतलेला होता. २०१० मध्ये 'लॅन्सेट'नं तो मागं घेतला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचा परवाना गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांची नोंद तपासून असा कुठलाही संबंध नसल्याचं २०१९ मध्ये पुन्हा दिसलं.

पण एका आक्षेपाला मी असं उडवून लावणार नाही, कारण तो मी स्वतःच्या वर्गात ऐकला आहे.

मी प्राथमिक शिक्षिका होते. २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम राज्यभर शाळाशाळांतून सुरू झाली. आमच्याकडे ज्या दिवशी लस होती त्या दिवशी वर्ग निम्मा रिकामा. आदल्या रात्री मोबाइलवर एक निरोप फिरला होता की या लसीनं पुढं मूल होत नाही. जी मुलं आली त्यांना रांगेत उभं केलं, लस दिली, नखावर शाई लावली. दुसऱ्या दिवशी एका मुलीची आई आली. धुण्याभांड्याची कामं करणारी बाई, कामावरून तशीच आलेली, पदराला हात पुसत म्हणाली, "बाई, लस चांगली असंल. पर आम्हाला कुणी इचारलं का?"

मी तिला लसीचे फायदे सांगत बसले. तिनं ते विचारलंच नव्हतं. तिचा प्रश्न परवानगीचा होता आणि तो बरोबर होता. पुढच्याच जानेवारीत दिल्लीच्या उच्च न्यायालयानं पालकांच्या संमतीशिवाय शाळेत अशी लस देता येणार नाही, असं सांगितलं, तेव्हा मला तीच बाई आठवली. मूल होणार नाही ही भीतीही आभाळातून पडलेली नव्हती. आणीबाणीत माणसं पकडून नेऊन नसबंदी केलेला हा देश आहे. देवीच्या निर्मूलनाच्या शेवटच्या वर्षांत काही ठिकाणी रात्री घरात शिरून, धरून लस टोचली गेली. देवी गेली, त्या उपकाराला तोड नाही. पण धरून टोचल्याची आठवणही मागं राहिली, आणि आज नळावर, ओट्यावर तीच अफवा होऊन बोलते.

त्या बाईचा प्रश्न आणि बारशातल्या तरुणाचा प्रश्न वरवर सारखे दिसतात. ती म्हणत होती, मला विचारा. तो म्हणत होता, मला विचारू नका. स्वातंत्र्याच्या नावाखाली या दोघांना एका रांगेत बसवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

लसीला विरोध करणारी मराठी मंडळी हटकून १८९७ चं प्लेगच्या साथीतलं पुणं पुढं करतात. टिळकांनी सक्तीला विरोध केला, रँड या प्लेग अधिकाऱ्याचा वध झाला, मग आम्ही का झुकावं? इतिहास नीट बघू. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला आणि पुण्यात गोरे सोजीर घराघरात शिरले. देवघरात बूट गेले, बायकांची चारचौघांत तपासणी झाली, सामान रस्त्यावर आलं. पुणं पेटलं ते यावर. लसीवर नव्हे. हाफकीन यांनी त्याच वर्षी १० जानेवारीला प्लेगची लस मुंबईत प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि ती घेणं ऐच्छिक राहिलं. टिळकांनी तर गाव न सोडता प्लेगचं रुग्णालय उभारायला हात लावला. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्या काळच्या पुण्याकडून आपण काही घ्यायचं तर हे घ्यावं, की माणसाच्या अब्रूला हात लावू नका आणि साथीत शेजाऱ्याला सोडू नका. यातलं अर्धंच उचलून चालत नाही.

दुसरं नाव निघतं ते इंग्लंडमधल्या लेस्टरचं, आणि हा युक्तिवाद मला सगळ्यांत भक्कम वाटतो, म्हणून त्यावर थोडं थांबते. इंग्लंडमध्ये १८५३ पासून तान्ह्या मुलांना देवीची लस सक्तीची होती, न दिल्यास दंड, कधी तुरुंग. लेस्टरच्या कामगारवस्तीनं त्याविरुद्ध दंड थोपटले. २३ मार्च १८८५ रोजी तिथं निघालेल्या मोर्चात ऐंशी हजार ते एक लाख माणसं होती म्हणतात. अखेर १८९८ च्या कायद्यानं सदसद्विवेकाला पटत नसेल तर सूट दिली. आणि लेस्टरमध्ये लस घेणारे कमी असूनही देवीनं हाहाकार उडाला नाही. हे खरं आहे.

पण लेस्टरनं लसीच्या बदल्यात काय दिलं ते हा दाखला देणारे सांगत नाहीत. देवीचा रुग्ण कळताच नगरपालिकेला खबर द्यायची. रुग्णाला उचलून वेगळ्या रुग्णालयात ठेवायचं. त्याच्या घरच्यांना सुमारे दोन आठवडे कोंडून ठेवायचं, कामधंदा बंद. अंथरूण-पांघरूण जाळायचं. एका सुईची सुटका त्या गावानं अख्ख्या घराच्या कोंडीनं विकत घेतली. याला कुणी जास्तीचं स्वातंत्र्य म्हणत असेल तर म्हणो. आणि एवढं करूनही ते जमलं ते देवी होती म्हणून. देवीचा माणूस तापानं अंथरुणाला खिळल्यावर, अंगावर फोड उठल्यावर रोग देतो. तो दिसतो, त्याला बाजूला काढता येतं. गोवराचं मूल अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून रोग देत असतं. नुसतं नाक गळतंय, डोळे लाल आहेत, कणकण आहे, एवढंच असतं. अशा मुलाला आपण शाळेत पाठवतो. बारशालाही नेतो. कुणाला कोंडणार आणि कधी? गोवरापुढं लेस्टरचा उपाय चालत नाही.

मग सक्ती करा असं माझं म्हणणं आहे का? नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांनी कोविडच्या लसीबाबत निकाल देताना म्हटलं, की कुणालाही धरून लस टोचता येणार नाही, शरीराची स्वायत्तता घटनेच्या एकविसाव्या कलमात येते. त्याच निकालात हेही म्हटलं, की समाजाच्या आरोग्यासाठी सरकार प्रमाणात मर्यादा घालू शकतं. आणि दुष्परिणामांची नोंद लोकांना स्वतः करता येईल अशी सोय करायलाही सांगितलं. निकालाचं पहिलं वाक्य तेवढं मोबाइलवर फिरतं.

मला शाळेत लसीचं कार्ड विचारलेलं हवं आहे, पण कार्ड नाही म्हणून प्रवेश नाकारलेला नको. बापाच्या हट्टाची शिक्षा मुलाला दोनदा कशाला? एकदा लस नाही, एकदा शाळा नाही. कार्ड नसेल तर शाळेतच पालकांना बोलवा, बसवा, विचारा, लस द्या. गावात साथ असेल तर लस न घेतलेल्या मुलानं तीन आठवडे घरी राहावं, हे मात्र ठामपणे सांगा. आणि लस देणाऱ्या व्यवस्थेची चूक झाली तर ती लपवू नका. २०२१ च्या जानेवारीअखेरीस यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली, कर्मचारी निलंबित झाले. अशा एका बातमीनं किती आया पुढच्या वेळी दार उघडत नाहीत, हे आशाताईंना विचारावं.

सामोआत हेच फार मोठ्या किमतीला कळलं. पॅसिफिकमधला दोन लाख वस्तीचा देश. २०१८ मध्ये तिथं दोन बाळं लस दिल्यावर काही मिनिटांत गेली. लस शुद्ध होती. परिचारिकांनी पावडरीत पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं होतं. दोघींना शिक्षा झाली. पण मधल्या काळात लसीकरण कित्येक महिने बंद राहिलं, शंकेखोर प्रचाराला रान मोकळं मिळालं, आणि गोवराच्या लसीचं प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. २०१९ च्या अखेरीस गोवर शिरला. ८३ माणसं गेली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली मुलं. डिसेंबरात दोन दिवस अख्खा देश बंद ठेवला आणि ज्या घरात लस घ्यायची राहिलेली माणसं आहेत त्यांनी दारावर लाल कापड बांधावं असं सांगितलं. पथकं कापड बघत घरोघर फिरली. त्या दोन बाळांना न्याय हवाच होता. त्यांच्यामुळं लसच नको म्हणणाऱ्यांनी त्यांना न्याय दिला नाही. लस देताना मुलाला इजा झाली तर दोष कुणाचा याचा कज्जा न लढवता भरपाई मिळावी, असा कायदा अमेरिकेनं १९८६ मध्ये केला. आपल्या मुलांसाठी तसा कायदा आपणही केला पाहिजे. शेजारच्या बाळासाठी माझ्या बाळानं अगदी थोडा का होईना धोका पत्करला असेल, तर समाजानं त्याच्या मागं उभं राहायला हवं.

मला सगळ्यांत जास्त राग कशाचा येतो ते सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात सर्व मूलभूत लसी मिळालेली मुलं सुमारे ७३ टक्के निघाली. उरलेल्या बहुतेकांच्या आईबापांनी स्वातंत्र्याचा विचार करून लस नाकारलेली नाही. लसीच्या दिवशी खाडा परवडत नाही, ऊसतोडीला गेलेलं बिऱ्हाड यादीत सापडत नाही, कार्ड पावसात गेलं. एका ठिकाणी तर "पाच मुलं जमल्याशिवाय बाटली फोडत नाही" म्हणून दोन वेळा परत पाठवलेली आई मला भेटली आहे, नियम एका मुलासाठीही बाटली फोडा असा असताना. ज्यांना निवड करायचीच संधी मिळाली नाही त्यांच्या पोरांच्या जिवावर आपण निवडीच्या गप्पा मारतो.

बारशातलं ते बाळ नऊ महिन्यांचं झालं तेव्हा आईसोबत तिच्या माहेरी, तालुक्याच्या गावाजवळ होतं. योगायोगानं मी तिथं होते, म्हणून त्यांच्याबरोबर उपकेंद्रावर गेले. सिस्टरनी निळ्या डब्यातून बाटली काढली, पावडर विरघळवली आणि बाटलीवर पेनानं वेळ लिहिली, १०.४०. विरघळवलेली लस चार तासच चालते. बाळाच्या उजव्या दंडात सुई गेली, ते रडलं, मग अ जीवनसत्त्वाचा चमचा तोंडात गेल्यावर तोंड वाकडं करून गप्प झालं. अर्धा तास बसायला सांगितलं होतं, आम्ही बसलो. त्या दिवशी तीनच मुलं आली होती. यादीतली दोन राहिली होती, वीटभट्टीवरची. सिस्टर सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी आशाताईंना फोन लावला, आणि आशाताई स्कूटीवरून भट्टीकडे निघाल्या. आम्ही घरी गेलो, पण माझं लक्ष तिकडंच होतं. दोन वाजता मी पुन्हा उपकेंद्रावर गेले. स्कूटीवर आशाताईंच्या मागं एक बाई बसून आली होती, कोपरापर्यंत हात लाल मातीनं भरलेले, कडेवर एक आणि पुढ्यात एक. सिस्टर म्हणाल्या, "पोराचा दंड तेवढा मोकळा कर गं, हात नंतर धू."